तुकड्यातुकड्यांनी येणारी फाइल

एकाच सर्व्हरवरून हजारो लोक एकाच वेळी मोठी फाइल उतरवून घेऊ लागले की वेग मंदावतो. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये आणलेल्या बिटटोरंट पद्धतीत मात्र फाइलचे तुकडे पाडले जातात आणि घेणारा प्रत्येक संगणक हाती आलेले तुकडे लगेच इतरांना पुरवू लागतो, त्यामुळे मागणीबरोबर पुरवठाही वाढतो. सहभागी संगणकांचे पत्ते ट्रॅकर नावाचा सर्व्हर देतो. फाइल त्याच्याकडे नसते. सर्वांत दुर्मिळ तुकडा आधी मागवण्याचा नियम विशेष मोलाचा, कारण त्यामुळे कोणताही तुकडा एकाच संगणकापाशी अडकून राहत नाही. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातील माहितीवरून गणिताने काढलेली, मूळ आवृत्तीत 20 बाइटची खूण, उतरवणे सुरू करण्यासाठी घेतलेल्या छोट्या टोरंट फाइलवरून आधीच ठाऊक असते आणि ती न जुळल्यास तुकडा टाकून देऊन पुन्हा मागवला जातो.