घरचे वाहन : छोटा हत्ती की मोठा पिकअप?

बैलगाडीच्या काळात घरात कोणती गाडी असावी याचा फारसा खल करावा लागत नसे. जोडीला ओढवेल तेवढा भार, हा हिशेब घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. भार जास्त झाला तर बैल जागचे हलत नसत. इंजिनाला असे अडून बसता येत नाही. ते कण्हत-कुंथत ओढतच राहते आणि त्याचे दुखणे दोन वर्षांनी गॅरेजात बाहेर पडते.

२००५ साली टाटा कंपनीने 'एस' ही छोटी चारचाकी बाजारात आणली. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टन भार, आणि तीनचाकी टेम्पो शिरेल त्या बोळात शिरणारी. तिला 'छोटा हत्ती' हे नाव पडले आणि ते इतके रुळले की पुढे महिंद्राची जीतो आली, मारुतीची सुपर कॅरी आली, तरी गावात त्यांनाही छोटा हत्तीच म्हणतात. दुसऱ्या बाजूला महिंद्राचा बोलेरो पिकअप, अशोक लेलँडचा दोस्त, टाटांचा योद्धा ही सव्वा टन आणि त्याहून वर भार घेणारी मंडळी. घरात दूध, भाजीपाला, वैरण आणि खत यांची रोजची ने-आण सुरू झाली, की या दोन जातींपैकी कोणती दारात उभी करावी, हा प्रश्न येतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर गावोगावच्या बैठकांत पिकाइतकीच याचीही चर्चा ऐकू येते.

या चर्चेत एक वाक्य हमखास येते : "घ्यायचीच तर मोठी घ्या, म्हणजे कधी अडणार नाही." ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. परंतु वर्षातले किती दिवस अडते, हे कोणी मोजलेले नसते. टोमॅटोचा तोडा जोरात असताना किंवा कांदा चाळीतून काढताना जो भार होतो, तो डोळ्यांपुढे ठेवून गाडी घेतली जाते. आणि उरलेले नऊ-दहा महिने तीच गाडी दुधाचे चार कॅन आणि पेंडीची दोन पोती घेऊन तालुक्याला हेलपाटे घालते.

कागदावरचा भार आणि खरा भार

गाडी बघायला जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. आर.सी. बुकात दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे भारासह जास्तीत जास्त एकूण वजन. या दोहोंतला फरक म्हणजे गाडीने कायद्याने वाहायचा भार. त्या फरकातच चालक आला, शेजारी बसणारा आला, मागे बसवून घेतलेला लोखंडी सांगाडा, ताडपत्री, जादा फळ्या, सारे आले. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

पाऊण टनाची गाडी धरा. ७५० किलोतून दोन माणसांचे १३० किलो आणि सांगाड्याचे ७० किलो वजा केले, तर मालासाठी ५५० किलो उरतात. म्हणजे ५० किलोच्या कांद्याच्या ११ गोण्या, किंवा भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर टोमॅटोचे २५ क्रेट. आता नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या रस्त्याला हंगामात उभे राहून बघा. छोट्या हत्तीवर ५० क्रेटची थप्पी सहज दिसेल. मागची चाके आत दबलेली, पुढचे तोंड वर उचललेले. तोंड उचलले की पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते आणि स्टिअरिंग हलके लागते. चालकाला वाटते गाडी मजेत चालली आहे. प्रत्यक्षात वळणावर ती त्याचे ऐकेनाशी होते.

मोठ्या गाडीचे गणित असे. १,३०० किलोतून माणसे आणि जड सांगाडा मिळून २५० किलो वजा करा. उरले १,०५० किलो, म्हणजे २१ गोण्या किंवा ४७ क्रेट. जवळजवळ छोट्या गाडीच्या दोन खेपा.

सर्वच माल वजनाने भरत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, कडब्याच्या पेंढ्या, हिरवा मका यांत गाडी आधी जागेने भरते, मग वजनाने. छोट्या गाडीचा हौद सुमारे ७ फूट लांब, मोठ्यांचा ८ ते १० फूट. ज्याच्या घरी पालेभाजी आणि जनावरांची वैरण हाच मुख्य माल आहे, त्याला पाऊण टनाची क्षमता पुरूनही हौद अपुरा पडतो. अशा शेतकऱ्याने टनाचे आकडे बाजूला ठेवून फीत घेऊन हौद मोजावा. युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या आणण्यासाठी मात्र कोणताही हौद पुरतो. तिथे प्रश्न वजनाचाच.

पैशाचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपापल्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब घरी पुन्हा मांडावा.

समजा छोटी गाडी ५ लाखांना आणि मोठी ९ लाखांना पडते. फरक ४ लाखांचा. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीत दर लाखाला महिना सुमारे २,१७५ रुपये हप्ता बसतो. म्हणजे नुसत्या फरकापोटी महिना ८,७०० रुपये. बाजार जाऊन-येऊन ६० किलोमीटर, महिन्यात २५ फेऱ्या, एकूण १,५०० किलोमीटर. छोटी लिटरला १८ आणि मोठी १२ किलोमीटर देते असे धरले, तर मोठीला महिन्याला सुमारे ४२ लिटर डिझेल जास्त लागते. लिटर ९० रुपयांना धरून ते झाले ३,७५० रुपये. दोन्ही मिळून मोठ्या गाडीचा जादा बोजा महिना १२,४५० रुपये, वर्षाला जवळपास दीड लाख. टायर आणि विमा यांचा फरक यात धरलेलाच नाही.

दीड लाखात काय होते? भाड्याचा पिकअप खेपेला ३,००० रुपये घेत असेल, तर ५० खेपा होतात. पाच वर्षांनी विकताना मोठीचे दीड लाख जास्त येतील असे धरले, तर वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे १० खेपा वजा करा. उरल्या ४०. माझ्या मते हाच खरा काटा आहे. आपल्या घरचा माल वर्षातले ४० दिवस छोट्या गाडीच्या भाराबाहेर जातो का? जात नसेल तर छोटी घ्यावी आणि जोराच्या दिवसांत भाड्याची आणावी. साठ-सत्तर दिवस जात असेल, तर मोठीच घ्यावी, त्यात कंजूषपणा नको.

हे दिवस अंदाजाने सांगू नयेत. आडत्याच्या पट्ट्या बहुतेकांच्या घरी खुंटीला अडकवलेल्या असतात. गेल्या वर्षाच्या पट्ट्या काढून कोणत्या दिवशी किती नग, किती वजन गेले ते वहीवर उतरवावे. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून करून घेतले तरी तासाभराचे काम आहे. माणसाला जोराचे दिवस लक्षात राहतात, साधे राहत नाहीत. त्यामुळे वही आणि आठवण यांत बहुधा मोठी तफावत निघते.

एक आडमार्ग लोक काढतात, तो म्हणजे छोटी गाडी घेऊन दोन खेपा करणे. अधूनमधून ठीक आहे. रोज मात्र नाही. दोन खेपांना १२० किलोमीटर, म्हणजे पावणेसात लिटर डिझेल. मोठीला एका खेपेत पाच लिटर. शिवाय दुसरी खेप पोचेपर्यंत लिलाव पुढे सरकलेला असतो आणि मालाचा भाव उतरतो. डिझेलपेक्षा ही तूट मोठी.

रस्ता, घाट आणि घरची माणसे

वर्षातले दिवस मोजून झाले तरी रस्ता विचारात घ्यावाच लागतो. माळशेज किंवा कसारा घाटातून ज्याचा माल कल्याण-वाशीकडे जातो, त्याने छोट्या गाडीचा मोह धरू नये. भरल्या गाडीने चढ कसाबसा पार होईल. पण उतार हा ब्रेकचा आणि गाडीच्या वजनाचा प्रश्न आहे. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुना नियम दोन्ही गाड्यांना लागू आहे.

काळ्या रानातली पाणंद हा दुसरा मुद्दा. छोटीची चाके १२ इंची, मोठीची १५ किंवा १६ इंची. जुलैच्या चिखलात चाकोरी खोल गेली की छोटीचे पोट टेकते. मोठी पोट वाचवते, परंतु रिकामी असेल तर तीही मागच्या चाकांवर घसरते, कारण जोर मागच्या चाकांना आणि वजन सारे पुढे. उलट गावठाणात मोठी अडचणीची होते. वाड्याचा दरवाजा, गोठ्यापुढची जागा, वळायला लागणारे अंतर हे पावलांनी मोजून ठेवावे. दर वेळी चावडीपर्यंत मागे घ्यावी लागणारी गाडी घरातला तरणा मुलगा चालवतो, इतर कोणी हात लावत नाही. आणि तो कॉलेजला गेला की दूध घालायला गाडी असून नसल्यासारखी. घरातली सून किंवा लेक गाडी शिकणार असेल, तर तिला दोन्ही गाड्या चालवून पाहू द्याव्यात आणि तिचे मत जमेस धरावे.

लायसनची भीती आता नको. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या मोटारीचे लायसन चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. परमिटची गोष्ट निराळी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोट्या सर्व गाड्या यात बसतात. मोठ्यांतल्या काही बसतात, काही बसत नाहीत. एकाच नावाच्या गाडीचे दोन-तीन प्रकार असतात, म्हणून आर.सी.वर येणारे एकूण वजन आधी विचारावे. जादा भाराचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा झाला आहे. एका तोड्याचा नफा त्यात जातो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठा हौद दारात आला की त्यात माणसे चढतात. कांदा लागणीला बायकांचे टोळके, लग्नाचे वऱ्हाड, श्रावणातले देवदर्शन. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप चढावर मागे येऊन खाली कोसळला आणि अनेक माउल्या दगावल्या. हौदात धरायला काही नसते, आणि बसलेल्यांचे वजन चढावर एकदम मागे येते. कायद्याची बाजूही कठोर आहे. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा माणूस एवढाच अपवाद. तेव्हा शेजारधर्म म्हणून नेलेल्या आठ-दहा बायांची जबाबदारी थेट गाडीमालकाच्या जमिनीवर येऊ शकते.

ज्यांना रोज मजूर आणावेच लागतात, त्यांनी दुहेरी केबिनच्या गाडीचा विचार करावा. बोलेरो कॅम्परसारख्या गाडीत चालकासह पाच माणसे रीतसर बसतात आणि मागे टनभर माल जातो. हौद आखूड होतो, ही तिची उणीव. जास्त मजूर असतील तर प्रवासी परवान्याची गाडी ठरवावी. तिचे भाडे मजुरीच्या खर्चात धरावे.

सी.एन.जी.च्या गाड्या स्वस्त पडतात खऱ्या, पण पंप रोजच्या वाटेवर असेल तरच. वाकडी वाट करून रांगेत तासभर उभे राहण्यात बचत संपते.

कर्ज काढताना हप्ता महिन्याचाच का, हे बँकेला जरूर विचारावे. दूध असणाऱ्या घराला मासिक हप्ता जमतो. केवळ कांद्यावर असणाऱ्याने सहामाही हप्त्याची मागणी करून पाहावी. आणि चाचणीसाठी शोरूमची रिकामी गाडी डांबरी रस्त्यावर फिरवून परत देऊ नये. आपल्या गावी मागवून घ्यावी, घरच्या दहा गोण्या तिच्यावर टाकाव्यात, पाणंदीने रानात नेऊन वळवून आणावी आणि जाता जाता वजनकाट्यावर चढवून पावती घ्यावी. विक्रेता कुरकुर करील. करू द्यावी.