कॅमेरा कोणाच्या बाजूचा?

भोकरच्या माझ्या एका विद्यार्थ्याने छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा म्हणून चाळीस फोटोंचा संच तयार केला. मावळता सूर्य, मोंढ्यातला कापूस, सुरकुतलेले म्हातारे चेहरे. फोटो देखणे होते. पण तो राहतो ती वस्ती त्यात कुठेच नव्हती. विचारले तर म्हणाला, "सर, आपल्याकडं काय आहे काढण्यासारखं?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. माझ्या आज्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. ज्यांच्या हाती कॅमेरा होता त्यांनी आपली माणसे टिपली ती बहुधा कणव म्हणून, नाहीतर नक्षी म्हणून. आता कॅमेरा आपल्या हाती आला, नजर मात्र उसनीच राहिली.

अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईत वृत्तछायाचित्रकार झाले. महापालिकेच्या सफाई कामगारांकडे ते एकदा जाऊन थांबले नाहीत. वर्षानुवर्षे जात राहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण विद्यार्थ्यांनी पाहावे ते हे पुन्हा पुन्हा जाणे. अमेरिकेत गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने १९४२ साली वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना राष्ट्रध्वजापुढे झाडू घेऊन उभे केले. तेवढे एक चित्र जगभर गाजले. पार्क्स मात्र नंतरही त्यांच्या घरी, त्यांच्या चर्चमध्ये जात राहिले. म्हणून वॉटसन नुसते प्रतीक झाल्या नाहीत.

तेव्हा संच म्हणजे उत्तम फोटोंची बेरीज नव्हे. एक प्रश्न धरावा, त्याच माणसांकडे महिनोन्‌महिने जावे आणि शेवटी पंधराएक चित्रे ठेवावीत. लाडके फोटो काढून टाकणे सर्वांत जड जाते. ते काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. काम, हत्यारे, घर, आणि ते काम करवून घेणारा, हे सगळे त्यात दिसावे. हा शेवटचाच नेहमी चौकटीबाहेर राहतो!

चित्राखालच्या ओळी आपले लोक हलक्यात घेतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. अशा फोटोखाली तारीख, ठिकाण, कंत्राट कोणाचे हे नसेल तर ते नुसते दुःखाचे चित्र. असेल तर तो पुरावा. कामगाराचे नाव मात्र त्याला विचारूनच द्यावे. त्याची रोजी जाणार असेल तर नाव नको, चेहराही नको.

विद्यार्थी मग बाजार झाडणाऱ्या एका बाईंकडे चार महिने जात राहिला. फोटो छापून त्यांना नेऊन दिले. त्यांनी एकेक पाहिला आणि म्हणाल्या, "झाडतानाचे लई काढलास. झाडून झालेला रस्ता कुठाय?"

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच गेला. संचातले पंधरावे चित्र त्या रिकाम्या, स्वच्छ रस्त्याचे आहे.