रॅम घेण्याआधी सॉकेट पाहा

जून-जुलैत प्रवेश आणि दाखल्यांची धांदल सुरू झाली, की आरमोरीतल्या ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत संगणकाला उसंत नसते. जुना संगणक रखडू लागला, की ‘रॅम वाढवा’ असा सल्ला मिळतो. पण वैनगंगा ओलांडून, ब्रह्मपुरी-नागभीडमार्गे नागपूरहून आणलेली रॅम बसलीच नाही, तर पैशांसोबत दिवसही वाया जातो.

कोणती रॅम चालेल, हे प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून ठरवतात. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ला १.१. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. खाच जुळत नसेल, तर जोर लावू नये.

प्रोसेसर ज्या जागी बसतो, ते सॉकेट. एएमडीने एएम४ सॉकेट बराच काळ टिकवले. २०१७च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्यात बसतात आणि रॅम डीडीआर४च राहते. मात्र त्या बोर्डसाठी कंपनीने नवा बायोस दिलेला हवा. २०२२च्या एएम५वर फक्त डीडीआर५ चालते.

इंटेलचे सॉकेट लवकर बदलते. एलजीए ११५१ हे नाव एकच असले, तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. २०२१च्या एलजीए १७००चे काही बोर्ड डीडीआर४चे, तर काही डीडीआर५चे आहेत. २०२४च्या एलजीए १८५१ला डीडीआर५च लागते.

हा फरक आता महत्त्वाचा आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सातव्या पिढीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. अशा संगणकात नुसती रॅम वाढवून भागत नाही. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतात. तेव्हा एलजीए १७००चा डीडीआर४ बोर्ड घेतला, तर जुनी डीडीआर४ रॅम वापरता येते. पहिल्या पिढीच्या रायझनवाल्याला मात्र अनेकदा फक्त प्रोसेसर बदलून भागते.

बाजारात जाण्याआधी ‘सीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडावे. त्यात सॉकेट, बोर्डचे नाव, बायोसची आवृत्ती आणि रॅमचा प्रकार दिसतो. त्याचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन दुकानदाराला दाखवले, की दुसरी फेरी वाचते.