रात्री दोन वाजता ‘घरी चला’

ग्वाल्हेरचे लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी. १८१० पासून तिथे मराठी घरे नांदली. बाहेर हिंदी, घरात मराठी. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. अशा घरातली आजी वृद्धाश्रमात रात्री दोनला उठून ‘घरी चला’ म्हणू लागली, तर रात्रपाळीच्या बाईला ते कळणार कसे? मग झोपेची गोळी! आपल्या बेळगावकडेही तेच. कुणाला ‘झोपा आता’ समजते, कुणाला ‘मलकोरी’.

या आजारात मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळच बिघडते, आणि त्याला उजेड लागतो. नेदरलँड्समधल्या १२ निवासांतील १८९ वृद्धांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नुसते मेलाटोनिन दिल्यावर झोप सुमारे २७ मिनिटांनी वाढली, पण माणसे अधिक उदास झाली. दिवसभर प्रखर उजेडाची जोड दिली तेव्हा रात्रीची तगमगही उतरली. लष्करात पौषात धुके पडते, ऊन उशिरा येते. तेव्हा बैठकीच्या खोलीत भरपूर दिवे हवेत. दुपारची झोप थोडकी, संध्याकाळचा चहा बंद. रात्री जाग आली तर आधी लघवी, दुखणे, थंडी विचारावी. गोळी मागाहून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आश्रमात सोडताना एक कागद जरूर द्या : झोपायची वेळ, सवयीची गोधडी आणि कोणत्या भाषेत हाक मारायची.