टॅग पुसण्याआधी

मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या पिढीतलं एखादं पान उघडा आणि त्यामागचा एचटीएमएल मजकूर पाहा. त्यात मराठीचं एक अक्षरही सापडत नाही. रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं एकमेकांत मिसळलेली दिसतात आणि त्यांच्याभोवती फॉन्ट टॅग. युनिकोड रुळण्याआधी कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांमध्ये रोमन चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. अमुक मजकूर अमुक फॉन्टमध्ये दाखव, हे ब्राउझरला सांगणारा तो टॅग. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० ने फॉन्ट टॅग वापरू नये असं सांगितलं खरं, पण मराठी पानांचं त्याच्याशिवाय चालणारच नव्हतं.

अशी पानं आज वाचवायची तर शेकडो टॅग शोधावे, बदलावे, काढावे लागतात. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे प्रोग्रॅमरांचं रेजेक्स. साध्या फाइंडला आपण शब्द देतो, रेजेक्सला शब्दाचं वर्णन देतो. त्याचं मूळ स्टीफन क्लेनी या गणितज्ञाच्या १९५१ सालच्या लेखनात आहे. चेतापेशींच्या जाळ्यांचं गणित मांडताना त्यांना हे वर्णन सुचलं. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ते मजकूर शोधायला कसं वापरायचं हे दाखवलं आणि तिथून ते एडिटरांमध्ये आलं.

आता एक ओळ घेऊ. टॅगांची नावं इथे देवनागरीत लिहितो. खऱ्या पानावर ती रोमन असतात.

<बी>पुणे</बी> ते <बी>सातारा</बी>

टॅग म्हणजे कोनी कंस उघडतो, मध्ये काहीतरी असतं, कंस बंद होतो. टिंब म्हणजे कोणतंही एक चिन्ह, तारा म्हणजे ते शून्य किंवा कितीही वेळा. म्हणून पहिल्यांदा सगळेच असं लिहितात:

<.*>

हे चालवून बदली जागा रिकामी ठेवली, की पुणे आणि सातारा दोन्ही गायब होतात. याचं कारण ताऱ्याच्या स्वभावात आहे. तो हावरा आहे. पहिला कंस सापडला की तो ओळीच्या टोकापर्यंत सगळं गिळतो आणि मग बंद होणारा कंस मिळेपर्यंत एकेक चिन्ह मागे सरतो. मागून येताना पहिला भेटणारा कंस ओळीतला शेवटचा असतो. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं तर तो कमीत कमी घेतो. पण मला याहून पसंत आहे ते हे रूप:

<[^>]*>

चौकटी कंसातल्या टोपीचा अर्थ ‘हे सोडून’. कंस उघडल्यावर बंद होणारा कंस सोडून कितीही चिन्हं, मग बंद होणारा कंस. इथे हावरेपणाला वावच नाही, कारण कुठे थांबायचं ते वर्णनातच लिहिलेलं आहे.

तरी हेही डोळे मिटून चालवू नये. ‘पुणे<बीआर>सातारा’ यातला टॅग पुसला की ‘पुणेसातारा’ असा नवाच समास तयार होतो. ओळ किंवा परिच्छेद तोडणाऱ्या टॅगांच्या जागी आधी नवी ओळ घालावी, बाकीचे नंतर पुसावेत.

टॅग काढायचा नसून बदलायचा असेल, समजा बी टॅगचा स्ट्राँग करायचा असेल, तर नावानंतर काय येतं हे बांधून द्यावं लागतं. ते मोकळं सोडलं तर बी या अक्षराने सुरू होणारे बीआर, बॉडी, ब्लॉककोट सगळेच जाळ्यात येतात.

<बी( [^>]*)?>

नावापुढे थेट कंस, किंवा जागा सोडून इतर माहिती. गोल कंसात जे सापडेल ते लक्षात ठेवलं जातं आणि बदलीत $1 लिहिलं की परत मिळतं. म्हणून बदली <स्ट्राँग$1>. काही साधनांत डॉलरऐवजी उलटी तिरकी रेघ लागते. बंद करणारा टॅग वेगळ्या फेरीत बदलावा. जुन्या पानांत टॅग मोठ्या लिपीतही असतात, तेव्हा लहानमोठ्या अक्षरांचा भेद बंद ठेवावा.

आता फॉन्ट टॅगकडे वळू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. तो नुसती सजावट वाटतो, म्हणून पहिल्या झटक्यात पुसला जातो. पण पानावरचा कोणता तुकडा मराठी आणि कोणता खरोखर इंग्रजी, हे फक्त त्यालाच माहीत असतं. तो गेला की राहिलेल्या रोमन अक्षरांतून मराठी वेगळी काढणं फार कठीण होऊन बसतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, टॅग पुसायचा तो त्यानंतरच.

कृतिदेवमध्ये तर आणखी एक खड्डा आहे. त्यात < या चिन्हावर ‘ढ’ आणि > वर ‘झ’ बसवलेला आहे. नीट केलेल्या पानात ही दोन अक्षरं अँपरसँडने सुरू होणाऱ्या संकेतांनी लिहिलेली असतात, त्यामुळे ती टॅगशी भांडत नाहीत. मात्र कोणी घाईने ते संकेत आधीच उलगडले आणि मग वरचं वर्णन चालवलं, तर एखाद्या ढपासून पुढच्या झपर्यंतचा किंवा बंद होणाऱ्या कंसापर्यंतचा सगळा मजकूर टॅग समजून पुसला जातो. रेजेक्सला चिन्हं दिसतात, त्यांचा अर्थ कळत नाही.

फॉन्ट टॅगच्या आत फॉन्ट टॅग असेल तर कोणता बंद करणारा टॅग कोणाचा, हे मोजावं लागतं. क्लेनींच्या मूळ वर्णनाला ठरावीकच स्मरण असतं, वाटेल तितक्या खोलीचं मोजमाप त्यात बसत नाही. आजच्या काही साधनांनी पुढचे मार्ग काढले आहेत, पण ती वर्णनं लिहिणाऱ्यालाच आठवड्याने वाचता येत नाहीत. इथे मी पार्सर घेतो. पायथॉनमधलं ब्यूटिफुल सूप पानाची रचना झाडासारखी उभी करतं, संकेत उलगडून मजकुराचा तुकडा हाती देतं आणि तो कोणत्या फॉन्टच्या पोटात आहे हेही सांगतं. तुकडा युनिकोडमध्ये बदलला की ढ हा ढच राहतो.

रेजेक्स मी शेवटच्या तपासणीला परत बोलावतो, फक्त शोधायला. उघडणाऱ्या कोनी कंसाला लगेच चिकटून देवनागरी अक्षर किंवा मात्रा आहे का, ते पाहायचं. खऱ्या टॅगचं नाव रोमन असतं, त्यामुळे असं काही सापडलं तर तो बहुधा रूपांतरातून निसटलेला ढ. मूळ पानाची प्रत शेजारी उघडी ठेवून तो शब्द हाताने दुरुस्त करावा.