तलावाचे पाणी निळे आहे, पण शुद्ध आहे का?

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या महापालिका तरणतलावावर सकाळी नेहमीची मंडळी पोहायला आली होती. एकाएकी क्लोरीन वायूची गळती झाली. खोकला, घशात जळजळ, श्वास कोंडणे... कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. तो वर उडून न जाता पाण्यालगतच पसरतो आणि पोहणाऱ्याचे नाक नेमके तिथेच असते!

मग क्लोरीन नकोच का? छे! त्याच्यावाचून तलावाचे पाणी म्हणजे जुलाब, डोळे येणे, कान फुटणे यांना आमंत्रणच. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास मुक्त क्लोरीन पुरेसा होतो, सहसा ३ च्या वर जाऊ नये.

मुलगा लाल डोळे घेऊन घरी आला, अंगाला उग्र वास येत असला की आई म्हणते, ‘आज औषध जास्त पडलेलं दिसतंय.’ बहुतेक वेळा उलटेच झालेले असते. तो वास घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. म्हणजे जंतू मारणारा क्लोरीन तिथेच खर्ची पडलेला! अंघोळ न करता धाडकन उडी मारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

तपासणी तशी पाच मिनिटांची. कोपरभर खोलीवरचे पाणी नळीत घ्यायचे, पाणी आत येते त्या तोटीपासून दूर. गावोगावच्या पाणीपुरवठ्यात ‘ओटी टेस्ट’चा पिवळा रंग ओळखीचा आहे, डीपीडीच्या गोळीने गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. मात्र क्लोरीन फारच वाढला तर हा गुलाबी रंग उडून जातो आणि पाणी कोरेच दिसते. अननुभवी माणूस मग आणखी पावडर ओततो! शंका आली तर नमुन्यात साधे, क्लोरीन नसलेले पाणी मिसळून पुन्हा पाहावे.

सोबत पीएचही पाहावा लागतो, ७.२ ते ७.८. तो ८ वर गेला की क्लोरीन असूनही त्याची जंतू मारण्याची ताकद बरीच घटते. शिवाय ऊन! भिलाई-नागपूरकडच्या मे महिन्यात उघड्या तलावात सकाळी टाकलेला क्लोरीन दुपारपर्यंत बराचसा नाहीसा होतो. म्हणून एकदा तपासून भागत नाही आणि मोठी मात्रा द्यायची तर ती संध्याकाळी, तलाव रिकामा झाल्यावर द्यावी.

सोसायटीच्या तलावावर हे काम पुष्कळदा रखवालदाराकडे असते. त्याला दोन गोष्टी बजावून सांगायलाच हव्यात. टीसीएल पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचे नाही. आणि त्याच बादलीत ॲसिड कधीही घालायचे नाही. घातले तर कासारवाडीला सुटला तोच वायू त्या बादलीतून बाहेर पडतो.

मुलाचे नाव घालताना शुल्क विचारतोच; रोजच्या तपासणीची वहीही मागून पाहावी. जबाबदार तलावावर ती दाखवायला कुणी कुरकुरत नाही.