मागच्या रांगेतला प्रश्न

बँकेतून निवृत्त झालो आणि सकाळी दहानंतर करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. एका मित्राने महाविद्यालयीन चर्चासत्राची पत्रिका हातात ठेवली. विषय अर्थशास्त्राचा, ठिकाण लातूर, दुपारी जेवणाची सोय. गेलो.

ज्यांनी अशी चर्चासत्रे पाहिली आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. दारात नोंदणीचे टेबल, पिशवी, वही, पेन. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय. यात दीड तास गेला आणि शोधनिबंध वाचणाऱ्यांच्या वाट्याला सात-सात मिनिटे उरली. प्रश्नोत्तरे 'वेळेअभावी' गाळायची, हेही बहुधा ठरलेलेच असते.

त्या दिवशी मात्र एक निबंध चांगला झाला. शिकवणीसाठी लातुरात येणाऱ्या मुलांच्या घरांचा खर्च एका तरुण संशोधिकेने मांडला होता. फी, खोलीभाडे, मेस, पुस्तके, गावी जाण्या-येण्याचे तिकीट. 'लातूर पॅटर्न'चे कौतुक आपण बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळापासून ऐकत आलो. आता डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेसाठी गावोगावची मुले इथे येतात. त्याची किंमत रुपया-पैशांत मांडलेली मी प्रथमच पाहत होतो.

तिचे बोलणे संपले आणि मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. धोतर, टोपी, अहमदपूरकडचे शेतकरी. पुतणी निबंध वाचणार म्हणून तिच्या सोबतीला आले होते.

"ताई, हिशोब बरोबर हाय तुमचा. पण म्या दोन एकर इकलं, तवा हिशोब नव्हता केला. शेजाऱ्याचं पोरगं लातूरला गेलं, आपलं मागं ऱ्हाईल, या भ्यानं इकलं. ते भ्या तुमच्या कागदात कुठं हाय?"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "काका, हा प्रश्न आमच्या विषयात येत नाही. तो मानसशास्त्राचा आहे."

मला मात्र हसू आले नाही. बँकेत पस्तीस वर्षे मी कर्जाचे अर्ज पाहिले. 'कर्जाचे कारण' या रकान्यात 'शेतीसुधारणा' असे किती वेळा लिहिले गेले, याची गणती नाही. खरे कारण कधी लग्न असे, कधी दवाखाना, कधी शिकवणी. समोरच्याच्या डोळ्यांतली धास्ती मला दिसत होती. पण तिच्यासाठी माझ्याही अर्जात रकाना नव्हता.

काही महिन्यांनी मानसशास्त्राच्या एका चर्चासत्राला मुद्दाम जाऊन बसलो. विषय होता विद्यार्थ्यांचा परीक्षेचा ताण. प्रश्नावली, गुण, सरासरी सगळे नीटनेटके. मी धीर करून विचारले, "मुलाच्या घरावर कर्ज किती आहे, हे विचारले होते का?" उत्तर आले, "तो अर्थशास्त्राचा भाग झाला."

म्हणजे कर्ज एका विभागात आणि भीती दुसऱ्या विभागात! घर मात्र एकच. बाप तोच, पोरगाही तोच.

जगात हे कुंपण केव्हाच ओलांडले गेले आहे. डॅनियल काहनेमन हे मानसशास्त्रज्ञ. २००२ साली त्यांना नोबेल मिळाले ते अर्थशास्त्राचे. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख माणसाला जास्त बोचते, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवले. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऊसतोडणीपूर्वी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, अशी त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी घेतली. तोडणीपूर्वी गुण कमी पडले. माणूस तोच होता. ओढगस्तीने त्याचे डोके व्यापले होते. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे सांगायला संशोधक लागणार नाही, पण सिद्ध करायला लागतो.

आपल्यालाही ही वाट नवी नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. सेमिनार मानववंशशास्त्राचा होता आणि विद्यार्थी अर्थशास्त्राचा. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढच्याच वर्षी तो निबंध छापून आला आणि आज शतकानंतरही वाचला जातो.

मराठवाड्याने मन आणि पैसा यांची गाठ किल्लारीला पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरांचा खर्च मोजता आला. पण छताखाली झोपण्याची भीती किती रात्री पुरली, हे कोणत्या अंदाजपत्रकात मांडणार?

त्यानंतर वर्षभरात, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी इथली महाविद्यालये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठाला जोडलेली होती. आता नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे विद्यापीठ विष्णुपुरीला गोदाकाठी आहे, लातूरला त्याचा उपपरिसर आहे. विद्यापीठ आपल्या दारात आले. आपण त्याच्या दारात किती वेळा गेलो?

तिथे आपल्याच पिकांवर, आपल्याच पोरांवर निबंध वाचले जातात. विभागप्रमुखांना आधी विचारावे आणि मागे बसावे. सगळे समजलेच पाहिजे असे नाही. चारच गोष्टी विचाराव्यात : किती घरे पाहिली? कोणत्या गावांतली? ती कशी निवडली? आणि कोण राहून गेले? या चार प्रश्नांना पदवी लागत नाही.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी मी हात धुऊन परतलो, तर ती संशोधिका ताट बाजूला ठेवून काकांशेजारी बसली होती. पिशवीतली नवी वही काढून ती विचारत होती, "काका, शेत विकायचं ठरलं, त्या रात्री घरात काय बोलणं झालं?"

काका जरा थांबले. मग म्हणाले, "लिवून घे."